आरशात न दिसणारा स्नायू

‘स्टिरॉइड’ हा शब्द मराठी घरांत दोन अगदी वेगळ्या प्रसंगी कानावर पडतो. दम्याच्या पेशंटला डॉक्टर पंप लिहून देतात, तेव्हा घरातले कोणीतरी दबक्या आवाजात विचारते, ‘‘यात स्टिरॉइड तर नाही ना?’’ आणि जिमला जाणाऱ्या पोराचे दंड तीन महिन्यांत शर्टाच्या बाहीत मावेनासे झाले, की शेजारीपाजारी तोच शब्द कुजबुजतात. शब्द एक असला तरी औषधे वेगळी. दमा, संधिवात, त्वचारोग यांत वापरतात ती कॉर्टिकोस्टिरॉइड्स. ती सूज आवरतात. त्यांनी स्नायू वाढत नाहीत. उलट जास्त मात्रेत दीर्घकाळ गोळ्या घेतल्या तर झिजतात. शरीरसौष्ठवाच्या जगात चालतात ती ॲनाबॉलिक स्टिरॉइड्स, म्हणजे टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक आणि प्रयोगशाळेत बनवलेली त्याची भावंडे. पहिल्या गटाला घाबरून पंप टाळणारे रुग्ण आणि दुसऱ्या गटाला टॉनिक समजून टोचून घेणारी मुले, दोघांचीही फसगत होते. पुढचा सगळा मजकूर या दुसऱ्या गटाबद्दल आहे.

पौरुषाचा अर्क बाटलीत भरण्याची हौस जुनी आहे. १८८९ मध्ये पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या ७२ वर्षांच्या नामवंत शरीरक्रियाशास्त्रज्ञाने कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून घेतला आणि आपली ताकद परत आल्याचे विद्वानांच्या सभेत जाहीर केले. अशा पाणीदार अर्कात टेस्टोस्टेरॉन नावापुरतेच उतरते, हे आज माहीत आहे. आलेली ताकद मनाची होती. खरे टेस्टोस्टेरॉन हाती लागले १९३५ मध्ये. ॲम्स्टरडॅममध्ये अर्न्स्ट लाकर यांच्या गटाने ते बैलाच्या वृषणांतून वेगळे केले आणि त्याच वर्षी बुटेनांट व रुझिच्का या दोन रसायनशास्त्रज्ञांनी ते कोलेस्टेरॉलपासून बनवून दाखवले. १९३९ चे रसायनशास्त्राचे नोबेल या दोघांत वाटले गेले.

टेस्टोस्टेरॉन खेळाच्या मैदानात आले वेटलिफ्टिंगच्या वाटेने. १९५४ मध्ये व्हिएन्नाला जागतिक स्पर्धा झाली. अमेरिकी संघाबरोबर गेलेल्या डॉ. जॉन झिगलर यांना सोव्हिएत लिफ्टर टेस्टोस्टेरॉन घेतात, याचा तिथे सुगावा लागला. सिबा कंपनीने १९५८ मध्ये डायनाबॉल नावाची गोळी अमेरिकेत बाजारात आणली आणि झिगलर यांनी ती आपल्याकडच्या लिफ्टरांना दिली. त्यांनी सांगितलेला डोस माफक होता. लिफ्टर मात्र स्वतःच्या मनाने त्याच्या कितीतरी पट गोळ्या खाऊ लागले. झिगलर यांनी हात झटकले, पुढे आपल्या या कामाचा त्यांना पश्चात्तापही झाला. पण गोळी आता त्यांच्या हातात राहिली नव्हती. ‘एकाने एवढे होते, तर चाराने किती होईल’ हा हिशेब तेव्हापासून आजतागायत बदललेला नाही.

भारताचे मनोहर आइच हे त्याआधीचे. ‘पॉकेट हर्क्युलिस’ म्हणून ओळखले जाणारे हे बंगाली मल्ल १९५२ मध्ये आपल्या उंचीच्या गटात ‘मिस्टर युनिव्हर्स’ झाले, तेव्हा डायनाबॉल यायला सहा वर्षांचा अवकाश होता. आइच २०१६ मध्ये वयाच्या १०४ व्या वर्षी गेले. एका माणसाच्या आयुष्यावरून सिद्धांत बांधू नये हे खरे, पण औषधाशिवाय जागतिक दर्जाचे शरीर कमावता येत नाही, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी त्यांचे जुने फोटो एकदा पाहायला हरकत नाही.

टेस्टोस्टेरॉन रक्तातून पेशीत शिरते आणि आतल्या एका ग्राहीवर जाऊन बसते, कुलपात किल्ली बसावी तसे. मग ही जोडी पेशीच्या केंद्रकात जाते आणि ठरावीक जनुके चालू होतात. स्नायूच्या पेशीत त्यामुळे प्रथिने जास्त बनतात, आजूबाजूच्या राखीव पेशी तंतूत मिसळतात आणि तंतू जाड होतो. पण हेच कुलूप दाढीच्या मुळाशी, त्वचेच्या तैलग्रंथींत, प्रोस्टेटमध्ये, मेंदूत, रक्तवाहिन्यांत आणि हृदयाच्या स्नायूतही असते. औषध कंपन्यांनी १९५० च्या आसपास नवनवे रेणू बनवायला घेतले ते या आशेवर, की स्नायू वाढवणारा गुण तेवढा ठेवायचा आणि बाकीचा काढून टाकायचा. चाचणी व्हायची खच्ची केलेल्या उंदरांवर. औषध दिल्यावर ओटीपोटातला एक स्नायू किती वाढला आणि प्रोस्टेट किती वाढले, यांचे गुणोत्तर काढायचे. जिममध्ये आजही अमुक औषधाचे ‘रेटिंग’ म्हणून जे आकडे ऐकवले जातात, त्यांचे मूळ या उंदरांत आहे. माणसात मात्र हे दोन गुण कधीच पुरते वेगळे झाले नाहीत. कुलूपच एक, तर होणार कसे? ‘ओरिजिनल माल असला की काही होत नाही’ हे जिममधले लाडके वाक्य इथेच निकालात निघते. दंड फुगवते तेच औषध हृदयही जाड करते, आणि ते काम ओरिजिनल मालच जास्त चोख करतो.

या औषधांनी स्नायू खरोखरच वाढतात, हे मान्य करायला डॉक्टरांनी फार वेळ लावला. क्रीडावैद्यकातल्या अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या संस्थेने १९७७ मध्ये, स्टिरॉइडने ताकद वाढते याला ठोस पुरावा नाही, अशी भूमिका घेतली होती. ज्यांना आरशात रोज फरक दिसत होता, त्यांनी ती हसण्यावारी नेली आणि त्यानंतर डॉक्टरांनी दिलेले धोक्याचे इशारेही तसेच वाऱ्यावर सोडले. शंका मिटवणारा प्रयोग १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला. ४३ निरोगी पुरुषांचे चार गट केले होते. काहींना दहा आठवडे दर आठवड्याला ६०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले, काहींना नुसते तेल. प्रत्येकातल्या अर्ध्यांनी व्यायाम केला, अर्ध्यांनी नाही. नुसत्या व्यायामाने चरबीविरहित वजन सुमारे दोन किलोने वाढले. औषध आणि व्यायाम दोन्ही असलेल्यांचे सहा किलोंनी. आणि औषध घेऊन व्यायामाला हातही न लावणाऱ्यांचे वाढले तीन किलोंहून थोडे अधिक, म्हणजे घाम गाळणाऱ्यांपेक्षा जास्त. या औषधाचा मोह इतका का आहे, ते या एका आकड्यात कळते. मात्र हा प्रयोग दहा आठवड्यांत संपला होता. जिममध्ये तो वर्षानुवर्षे चालतो.

तिथे त्याला ‘सायकल’ म्हणतात. आठ-बारा-सोळा आठवडे औषध घ्यायचे, मग काही आठवडे थांबायचे, पुन्हा सुरू करायचे. अनेक औषधे एकत्र घेतली की झाला ‘स्टॅक’. टेस्ट, डेका, ट्रेन, डायना, विनी ही पाळीव प्राण्यांची नावे वाटावीत अशी त्यांची लाडाची नावे. कुपी बोटाएवढी असते. आत फिकट पिवळे, किंचित दाट तेल. टेस्टोस्टेरॉन तेलात विरघळवलेले असते, ते स्नायूत साठून राहावे आणि हळूहळू रक्तात झिरपावे म्हणून. ते पटकन आत जात नाही. कुल्ल्याच्या स्नायूत सिरिंज रिकामी व्हायला अर्धा-एक मिनिट लागतो आणि ती जागा दोन दिवस ठणकते. निरोगी पुरुषाचे शरीर दिवसाला साधारण ३ ते १० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवते. ज्यांच्यात ते मुळात बनतच नाही, त्यांना डॉक्टर आठवड्याला सुमारे १०० मिलिग्रॅम देतात. जिममधल्या सायकलमध्ये आठवड्याला ५०० मिलिग्रॅम हा नवशिक्याचा डोस समजला जातो. स्पर्धेतले लोक सगळी औषधे मिळून याच्या कितीतरी पुढे जातात.

ऑगस्ट २०१७ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात डॅलस मॅकार्व्हर हा व्यावसायिक शरीरसौष्ठवपटू राहत्या घरी कोसळला आणि गेला. वय २६. सुरुवातीला बातमी आली, की जेवताना घास अडकला. शवविच्छेदनात घशाचा दोष निघाला नाही. हृदयाचे वजन भरले ८३३ ग्रॅम. प्रौढ पुरुषाचे हृदय साधारण ३०० ते ३५० ग्रॅमचे असते. डाव्या खालच्या कप्प्याची भिंत कमालीची जाड झालेली होती आणि हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्यांत, सव्विसाव्या वर्षी, थर साचले होते. बाहेरून दीर्घकाळ घेतलेल्या स्टिरॉइडांचा उल्लेख अहवालात आहे.

हृदय हाही स्नायूच. फक्त आरशात दिसत नाही. डावा खालचा कप्पा दर ठोक्याला रक्त सगळ्या शरीरभर ढकलतो. जोर-बैठका मारणाऱ्या, वजने उचलणाऱ्या माणसाच्या या कप्प्याची भिंत थोडी जाड होते. तो व्यायामाचा नैसर्गिक परिणाम आहे आणि त्याने बिघडत नाही. स्टिरॉइडने भिंत जाड होते ती वेगळ्या पद्धतीने. तंतूंच्या अधेमधे चिवट व्रणासारखे ऊतक तयार होते, भिंत ताठर बनते आणि दोन ठोक्यांच्या मधे सैल पडून रक्ताने भरायचे, ते तिला नीट जमत नाही. काही वर्षांनी ढकलण्याची ताकदही कमी होते. टूडी इको करून आलेली माणसे ‘पंपिंग’ म्हणून जो टक्केवारीचा आकडा सांगतात, तो याच ताकदीचा. अमेरिकेत १४० अनुभवी लिफ्टरांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांपैकी ५४ जणांनी औषधे कधीच घेतली नव्हती; त्यांचे सरासरी पंपिंग ६३ टक्के होते. औषधे घेतलेल्या ८६ जणांचे ५२ टक्के. तपासणीच्या वेळी ज्यांची सायकल चालू होती, त्यांचे त्याहून कमी, ४९. वजने दोन्ही गट वर्षानुवर्षे उचलत होते, त्यामुळे हा फरक व्यायामावर ढकलता येत नाही.

याच अभ्यासात दुसरी गोष्ट दिसली ती धमन्यांची. स्टिरॉइडने, विशेषतः गोळ्यांनी, चांगले कोलेस्टेरॉल काही आठवड्यांत धाडकन खाली येते आणि वाईट चढते. जितकी अधिक वर्षे औषध घेतले, तितके धमन्यांतले थर जास्त, असे चित्र होते. त्यात रक्तही घट्ट होते. टेस्टोस्टेरॉन अस्थिमज्जेला तांबड्या पेशी बनवायला लावते. सायकलवरच्या माणसाचे हिमोग्लोबिन १८-१९ वर गेलेले आढळते आणि त्याला ते ताकदीचे लक्षण वाटते. वास्तविक दाट रक्त ढकलताना हृदयाला जास्त जोर लावावा लागतो, रक्तदाब वाढतो, गाठ होण्याची शक्यता वाढते. जाड भिंतीला रक्त जास्त हवे, आणि तिकडे धमनी अरुंद. हृदयाची लय बिघडायला याहून वेगळे काही लागत नाही. चाळिशीच्या आत, व्यसन नाही, मधुमेह नाही, आणि जिममध्ये ‘अचानक’ गेला, अशा बातमीतला अचानकपणा पुष्कळदा वरवरचा असतो.

यकृताचे नुकसान मुख्यतः गोळ्या करतात. तोंडावाटे घेतलेले टेस्टोस्टेरॉन यकृत पहिल्याच फेरीत नष्ट करते. ते तसे करू नये म्हणून रेणूत एक छोटा बदल केलेला असतो. डायनाबॉल, स्टॅनोझोलॉल या गोळ्या अशाच. यकृताला पचत नाही म्हणून ती गोळी चालते, आणि यकृताला पचत नाही म्हणूनच ती यकृताला बाधते. पित्ताचा प्रवाह तुंबून कावीळ होणे, यकृतात रक्ताने भरलेल्या पोकळ्या तयार होणे आणि क्वचित गाठी होणे, हे तिचे परिणाम. ऑस्ट्रियाचा शरीरसौष्ठवपटू आंद्रेआस म्युन्त्सर हा अंगावर चरबीचा मागमूस नसलेल्या शरीरासाठी प्रसिद्ध होता. कातडीखालचा एकेक तंतू मोजता यावा असे ते शरीर. मार्च १९९६ मध्ये अमेरिकेतल्या स्पर्धा उरकून तो परतला, पोटात कळा येऊ लागल्या, आतल्या रक्तस्रावासाठी शस्त्रक्रिया करावी लागली, पाठोपाठ यकृत आणि मूत्रपिंडे बंद पडली. १४ मार्चला तो गेला तेव्हा ३१ वर्षांचा होता. त्याच्या यकृतात अनेक गाठी सापडल्या.

मूत्रपिंडांचे कसे? न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २०१० मध्ये दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्या दहा शरीरसौष्ठवपटूंच्या मूत्रपिंडांचे तुकडे तपासले. दहांपैकी नऊ जणांच्या गाळणीत व्रण पडलेले होते आणि लघवीतून प्रथिने वाहून जात होती. प्रचंड शरीरवजन आणि प्रथिनांचा भडिमार यांचाही त्यात वाटा असणार. पण औषध थांबवल्यावर बहुतेकांत सुधारणा झाली, यावरून काय ते समजावे.

तरुणांच्या दृष्टीने सर्वांत अनपेक्षित परिणाम वंध्यत्वाचा. जे औषध पौरुषाचे म्हणून घेतले, त्याने वृषणे आक्रसतात. कारण सोपे आहे. रक्तात टेस्टोस्टेरॉन किती आहे यावर मेंदूची नजर असते. बाहेरून भरपूर येते आहे असे दिसले, की मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी वृषणांना कामाचा निरोप पाठवणे थांबवते. काम थांबते, शुक्राणू बनणेही थांबते. हे इतके भरवशाचे आहे, की जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर पुरुषांसाठी गर्भनिरोधक इंजेक्शन बनवता येईल का, याची पाहणी केली. सात देशांतल्या २७१ पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन दिले गेले. सहा महिन्यांच्या आत १५७ जणांच्या वीर्यातले शुक्राणू शून्यावर आले होते. १९९० मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. जिममधला नवशिक्याचा डोस याच्या अडीचपट आहे. इंजेक्शन थांबवल्यावर बहुतेकांची निर्मिती पुन्हा सुरू होते, पण तिला सहा महिने लागू शकतात किंवा दोन वर्षेही, आणि काहींच्या बाबतीत ती पूर्ववत होत नाही. लग्नानंतर दोन-तीन वर्षे मूल होत नाही, सुनेच्या तपासण्यांवर तपासण्या होतात, आणि पिळदार नवऱ्याची वीर्यतपासणी करायचे कोणाच्या मनातही येत नाही, असे आपल्याकडे सहज घडू शकते.

जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये, म्हणजे स्त्री-संप्रेरकात, बदलते. त्यामुळे पुरुषांच्या छातीत स्तनांची गाठ तयार होते. जिममध्ये तिला ‘गायनो’ म्हणतात. एकदा पक्की झाली, की ती शस्त्रक्रियेनेच जाते. पाठीवर-खांद्यांवर मोठाले मुरूम येतात, आणि घराण्यात टक्कल असेल तर ते पंचविशीतच दार ठोठावते. स्नायू झपाट्याने वाढतो, पण त्याला हाडाशी बांधणारी कंडरा त्या वेगाने मजबूत होत नाही; म्हणून छातीच्या किंवा दंडाच्या स्नायूचे बंध तुटण्याचे प्रकार या लोकांत जास्त.

मुलींवर आणि स्त्रियांवर हे औषध काय करते, याचा सर्वांत मोठा प्रयोग एका सरकारने केला. पूर्व जर्मनीने १९७४ मध्ये खेळाडूंना स्टिरॉइड देण्याची गुप्त सरकारी योजनाच आखली. ओरल-ट्युरिनाबॉल नावाच्या गोळ्या कोवळ्या वयातल्या मुलींनाही जीवनसत्त्वे म्हणून खाऊ घातल्या गेल्या. गोळाफेकपटू हायडी क्रीगर यांना त्या सोळाव्या वर्षापासून मिळत होत्या. १९८६ मध्ये त्या युरोपीय विजेत्या झाल्या. तोवर आवाज, चेहरा, अंगावरचे केस, सगळे इतके बदलले होते, की रस्त्यात लोक टोमणे मारत. १९९७ मध्ये त्यांनी लिंगबदलाची शस्त्रक्रिया करून घेतली आणि तेव्हापासून ते आंद्रेआस क्रीगर आहेत. आपण कोण आहोत हे ठरवण्याचा हक्कच त्या गोळ्यांनी हिरावला, अशी त्यांची तक्रार आहे. या योजनेच्या दोन सूत्रधारांना, एक क्रीडाधिकारी आणि एक डॉक्टर, बर्लिनच्या न्यायालयाने २००० मध्ये दोषी ठरवले. स्त्रियांत घोगरा झालेला आवाज औषध थांबवल्यावरही पूर्ववत होत नाही. मासिक पाळी बंद पडते ती बहुधा पुन्हा सुरू होते. आवाजाचे तसे नाही.

वाढीच्या वयातल्या मुलांचे आणखी एक नुकसान आहे. हाडांच्या टोकांशी असलेल्या वाढीच्या पट्ट्या या औषधाने मुदतीआधीच बंद होतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाची छाती रुंदावते आणि उंची तिथेच थांबते.

मनावरच्या परिणामांत चिडकेपणा आणि आक्रमकता सर्वांना माहीत आहे. ती सगळ्यांत येत नाही, मोठ्या डोसवर काहींत मात्र भयानक रूप घेते. त्याहून कमी बोलले जाते ते थांबल्यानंतरच्या काळाबद्दल. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन बंद, आणि स्वतःचे कारखाने अजून सुरू झालेले नाहीत. अशा आठवड्यांत माणूस गळून जातो. झोप नाही, कामेच्छा नाही, कमावलेले मांस डोळ्यांदेखत उतरते आहे. नैराश्य येते, आत्महत्येचे विचारही येतात. त्यावर हाताशी असलेला उपाय म्हणजे पुढची सायकल. घेणाऱ्यांपैकी सुमारे ३० टक्के लोक अशा रीतीने औषधाच्या पूर्ण आहारी जातात, असा संशोधकांचा अंदाज आहे. अठरा इंचांचे दंड असूनही आरशात स्वतःला काडीपैलवान दिसणे, हा एक मानसिक विकार आहे आणि अनेकदा औषधाच्या आधीपासून असतो.

कुपीत नेमके काय आहे, ही निराळीच भानगड. चोरट्या बाजारातल्या मालात लेबलावरचे औषध असेलच असे नाही. कधी दुसरेच स्टिरॉइड निघते, कधी नुसते तेल. निर्जंतुक नसेल तर कुल्ल्यात गळू होते, आणि एकच सुई दोघांनी वापरली तर कावीळ ब-क किंवा एचआयव्ही. महाराष्ट्रात आणखी एक उपद्रव वाढला आहे, तो मेफेंटरमिनच्या इंजेक्शनांचा. हे स्टिरॉइड नव्हे. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर रुग्णाचा रक्तदाब घसरला, तर तो वर आणण्यासाठी भूलतज्ज्ञ हे वापरतात. व्यायामाच्या आधी ते शिरेत टोचून ‘पॉवर’ आणण्याचे खूळ जिममध्ये शिरले. पुणे-मुंबई परिसरात पोलीस आणि अन्न व औषध प्रशासनाने याच्या बेकायदा विक्रीवर वारंवार कारवाई केली आहे. आधीच जाड झालेल्या हृदयाला असा चाबूक मारणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. स्पर्धेच्या आदल्या दिवशी कातडी कागदासारखी दिसावी म्हणून पाणी तोडतात आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घेतात, तोही प्रकार जिवावर बेततो. शरीरसौष्ठवपटू मोहम्मद बेनाझिझा १९९२ मध्ये हॉलंडमधली स्पर्धा जिंकून काही तासांत गेला, तो याच निर्जलीकरणाने. वय ३३.

भारतात ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. ‘राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा’ २०२२ मध्ये झाला. २०२३ मध्ये ‘नाडा’ने, म्हणजे राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, तपासलेल्या ५,६०६ नमुन्यांपैकी २१३ दोषी निघाले, म्हणजे ३.८ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत हे प्रमाण सर्वांत जास्त होते. पण या चाचण्या स्पर्धेतल्या खेळाडूंच्या. लग्नाच्या आधी ‘बॉडी’ व्हावी म्हणून ट्रेनरकडून कुपी घेणारा बँकेतला क्लार्क किंवा भरतीच्या तयारीतला तरुण कोणत्याच यादीत नसतो, आणि घेणाऱ्यांत खरी गर्दी अशांचीच असते.

डेन्मार्कमध्ये साध्या व्यायामशाळांतही चाचण्या होतात, म्हणून हौशी मंडळींचे पुढे काय झाले हे तिथे पाहता आले. चाचणीत सापडलेल्या १,१८९ पुरुषांची त्याच वयाच्या सुमारे ५९ हजार सामान्य पुरुषांशी तुलना केली गेली. सरासरी ११ वर्षांच्या काळात सापडलेल्यांतला मृत्युदर जवळजवळ तिप्पट होता. त्यात अपघात, आत्महत्या, इतर व्यसने यांचेही मृत्यू आहेत, सगळे पाप स्टिरॉइडच्या माथी मारता येणार नाही. पण नैसर्गिक कारणांनी आलेले मृत्यू वेगळे काढले तरी ते दुपटीहून जास्त भरले. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेला दुसरा अभ्यास स्पर्धेत उतरलेल्या वीस हजारांहून अधिक पुरुष शरीरसौष्ठवपटूंचा आहे. त्यांच्यात १२१ मृत्यू आढळले. मृत्यूचे सरासरी वय ४५.

थांबणाऱ्यांसाठी बातमी तितकी वाईट नाही. नेदरलँड्समध्ये स्वतःहून सायकल घेणाऱ्या १०० हौशी पुरुषांवर डॉक्टरांनी लक्ष ठेवले. सायकलच्या काळात त्यांची हृदये जाड झाली, पंपिंग उतरले. औषध सोडल्यावर वर्षभरात ते बहुतांशी मूळ पदावर आले. हे एका सायकलपुरते. दहा वर्षांत पडलेले व्रण आणि धमन्यांतले थर असे पुसले जात नाहीत. जो घेतो आहे किंवा घेत होता, त्याने रक्तदाब, हिमोग्लोबिन आणि हिमॅटोक्रिट, कोलेस्टेरॉल, यकृत व मूत्रपिंडांच्या तपासण्या, टूडी इको आणि मूल हवे असेल तर वीर्यतपासणी करून घ्यावी. सोडताना जिममधल्या ‘पीसीटी’च्या, म्हणजे सायकलनंतर घ्यायच्या, गोळ्यांवर विसंबण्यापेक्षा हार्मोनच्या डॉक्टरांकडे, म्हणजे एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे जावे. आणि छातीत दुखले, धाप लागली किंवा चक्कर आली, तर दवाखान्यात गेल्यावर पहिल्याच वाक्यात औषधांचे नाव सांगावे. समोर भरदार छातीचा तरुण बसला असेल, तर ‘व्यायामाने अंग धरले असेल’ असे डॉक्टरांनाही वाटू शकते.